धुतलेल्या गाजरांचा बाजार

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्याच्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात आठवड्यातून एकदा बाजार भरायचा. लहानांनो, तुम्ही ऐकाच. आणि मोठ्यांनो, तुम्ही आत्ताच भाजीची पिशवी घेऊन आला असाल तर ती खाली ठेवा आणि तुम्हीही ऐका.

एरवी तो बाजार बेताचाच. पण मार्गशीर्ष लागला, थंडी पडली, की त्याचं रूप पालटायचं. पावटा, वाटाणा, तुरीच्या शेंगा, ओल्या हरभऱ्याचे डहाळे, काटेरी देठांची वांगी, मेथीच्या नि चाकवताच्या जुड्या, मुळे, ऊस, बोरं, आवळे, हुरड्याची कणसं आणि नदीच्या मळईत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत पिकलेली गावठी गाजरं. माणूस चार वांगी आणायला घरातून निघे आणि टोपली भरून परत येई. मग पुढच्या बाजारापर्यंत घरात भाजीची चिंता नसे.

बाजारावर देखरेख ठेवायला राजाने एक माणूस नेमला होता. त्याला सगळे बाजारपाटील म्हणत. माणूस सचोटीचा. कुणाचं फुकटचं बोर कधी तोंडात टाकलं नाही. पण त्याच्या मनात एक सल होता. नेमणूक झाली त्याच थंडीत तो राजाला भेट म्हणून बोरांची टोपली घेऊन गेला होता. वरची बोरं टपोरी, पिवळीधमक. खालची सगळी किडकी निघाली. राजाने ती टोपली नुसती पाटलाकडे परत सरकवली.

त्या दिवसापासून पाटलाला वरचं काही दिसेनासंच झालं. समोर काहीही आलं की याच्या खाली काय असेल, एवढंच त्याच्या मनात यायचं. कुणी हसून रामराम केला की हा का हसला याचा तो घरी पोचेपर्यंत विचार करी. अशा माणसाच्या हाती बाजार दिला म्हणजे काय होणार, ते तुम्हीच सांगा.

आपल्या गोष्टीतल्या त्या वर्षी थंडी जोराची होती. बाजारात फिरता फिरता पाटील गाजरांच्या ढिगापाशी थांबला. गाजरांना बोटभर माती. त्याने एक गाजर उचललं, नखाने माती खरवडली आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही माती आपसूक राहिली आहे की ठेवली आहे? वजनाला माती भर घालते. आणि मातीखाली तडा असला, कीड असली, तर कोणाला दिसणार?

त्याने लगेच दवंडी पिटवली, की पुढच्या बाजारापासून गाजर, मुळा, रताळं, जे काही जमिनीतून येतं ते स्वच्छ धुऊनच आणायचं. मळकरी, म्हणजे मळ्यातला माल आणून विकणारे, गोंधळले. एकदोघांनी चाचरत सांगितलं, की धुतलं की ते टिकत नाही. पाटील हसला. चोराला उजेड आवडत नाही, तसं यांना पाणी आवडत नाही, असं तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

पुढच्या बाजारी गाजरं अशी काही झळकत होती, की बघणाऱ्याचं मन हरखून जावं. गिऱ्हाइकं खूश झाली. पाटील मिशांवर हात फिरवत फिरला. पण संशयाचं असं असतं, की त्याला एकदा खायला घातलं की त्याची भूक वाढते. आता त्याची नजर शेंगांवर गेली. वाटाण्याच्या शेंगेत दाणा किती आणि अळी किती, हे बाहेरून कळतं का? मग शेंगा सोलून आणायचा हुकूम निघाला. वांग्याच्या देठाखाली कीड शिरायला जागा असते, म्हणून वांगी देठ काढून आणायची. जुडीच्या पोटात गवत असतं, म्हणून मेथी मोकळी आणायची.

शेवटी पाळी कांद्यावर आली. साल काढून आणा, म्हणाला. तेव्हा डोंगराकडच्या वाडीतल्या एका कांदेवाल्याने हात जोडून विचारलं, की पाटील, एक साल काढली की खाली दुसरी आहे, तर मी कुठपर्यंत सोलू? लोक खो खो हसले. पाटलाने त्याला भर बाजारात दोन तास उभा ठेवला.

आता या हुकमांचं पुढे काय झालं ते बघा. सोललेला वाटाणा संध्याकाळपर्यंत चिकट होई. देठ काढलेली वांगी दुसऱ्या दिवशी वरून काळी पडत. मोकळी मेथी दुपारच्या उन्हातच मान टाकी. आणि ती झळकणारी गाजरं तिसऱ्या दिवशी लुळी पडून बुळबुळीत होत. आठवड्याची भाजी दोन दिवसांत उकिरड्यावर जाऊ लागली तशी बायका कुरकुरायला लागल्या.

ते ऐकून पाटील काय समजला असेल? आपलं चुकलं, असं? छे. तो समजला, की मळकरी मुद्दाम शिळा माल आणून आपल्यावर सूड उगवताहेत. त्याने वेशीवर माणसं बसवली. कधी उपटलं, कोणी उपटलं, मधे कुठे ठेवलं, असं ती प्रत्येकाला विचारू लागली. मळकरी वैतागले. एक एक करून ते नदीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागले.

आता पाटलाच्या घरात डोकावू या. त्याची एकुलती एक लेक, हौसा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सहावा महिना होता. पण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाकरी खाल्ली की उलटी, भात खाल्ला की उलटी, पेजेचा वासही सहन होईना. पोर सुकत चालली. वैद्याने नाडी बघितली आणि पाटलाला बाजूला घेऊन सांगितलं, की हिच्या पोटात काहीतरी टिकायला हवं, नाहीतर पोरगी आणि तिचं पोर, दोघांचंही मला सांगता येणार नाही.

एकच गोष्ट तिच्या पोटात टिकत होती, ती म्हणजे मळईतलं कच्चं गाजर. ते खाल्लं की तिचा जीव थाऱ्यावर येई आणि मग त्याच्यावर ती चार घोट पेजही पिई. ही गाजरं भिवराआजी नावाची म्हातारी आणायची. तिचा गाजरांचा वाफा नदीच्या अगदी काठावर होता.

गाजरं धुऊन यायला लागली तेव्हा हौसाचे हाल सुरू झाले. बाजारानंतर दोन दिवस ती खाई आणि पुढचे पाच दिवस उपाशी राही. पाटलीणबाईने नवऱ्याला सांगून पाहिलं, की मातीची होती तेव्हाच बरी होती. तू भोळी आहेस, तुला कोणीही गुंडाळतं, एवढंच तो म्हणाला.

पण पुढे एक नवल झालं. हौसा आठवडाभर गाजर खाऊ लागली. तिच्या गालांवर थोडं रक्त चढलं. पाटलाला बरं वाटलं आणि लगेच संशयही आला, कारण सगळ्या गावाची गाजरं लुळी पडत असताना याच घरातली कशी टिकतात?

मग तो लक्ष ठेवू लागला. भिवराआजीच्या पाटीत वर धुतलेल्या गाजरांचा थर असे आणि त्याच्या खाली ओलं गोणपाट. वरची गाजरं संपली की ती पाटी आवरून घेई. गोणपाटाला कोणाला हात लावू देत नसे. पाटी दोघांनी उचलायला लागे इतकी जड. आणि एके दिवशी तर पाटलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की देवळामागे आपली बायको उभी आहे आणि म्हातारी तिच्या पदरात काहीतरी घालते आहे.

पाटलाच्या अंगाची लाही झाली. म्हातारी आपल्या घरात लाच पोचवते आणि त्याच्या जोरावर बाजारात काहीतरी खपवते. आणि आपली बायको? वीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती? त्याला जेवण गोड लागेना. पण तो बायकोला एका शब्दाने बोलला नाही. विचारलं तर ती सावध होईल, असा त्याचा हिशेब.

भोगीला पाच दिवस होते तेव्हाची गोष्ट. भोगीला घरोघरी थंडीतल्या सगळ्या भाज्या एकत्र घालून भाजी होते, म्हणून उरलेसुरले मळकरी आले होते आणि बाजारात बरी गर्दी होती. पाटील सरळ भिवराआजीपुढे जाऊन उभा राहिला आणि गोणपाट काढायला सांगितलं.

म्हातारीने पाटीवर हात ठेवला. म्हणाली, "पाटील, हितं नगं. घरी चला, तितं दावते."

एवढं बोलणं पाटलाला पुरे झालं. त्याने पाटीला हात घातला आणि ती भर बाजारात पालथी केली. ओल्या वाळूचा ढीग पडला आणि त्या वाळूतून घरंगळत आली गाजरं. मातीसकट, तशीच्या तशी. लोक गोळा झाले. पाटलाचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्याच्या हाती खरोखरच खालचा थर लागला होता.

हे कोणासाठी लपवलंस, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"तुमच्या हौसासाठी," भिवराआजी म्हणाली. "माती म्हंजी गाजराचं पांघरूण असतंय, पाटील. तुमी ते काढून घ्यायला लावलं. म्या पोरीपुरतं तेवढं राखलं."

क्षणभर पाटील थांबला. त्या क्षणी त्याने विश्वास ठेवला असता तर आपली गोष्ट इथेच संपली असती. पण सापडलेला माणूस काहीतरी सांगणारच, असं त्याच्या मनाने त्याला सांगितलं आणि त्याने मनाचं ऐकलं. त्याने भिवराआजीला बाजार बंद केला. ती वाकून गाजरं वेचायला लागली, तेवढ्यात उसाच्या वाढ्यांसाठी, म्हणजे शेंड्यांच्या हिरव्या पाल्यासाठी आलेलं एक खोंड मधे घुसलं आणि गाजरं पायदळी गेली. म्हातारी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

पाटलीणबाईला घरी सगळं कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. दोन दिवस ती लेकीच्या उशाशीच बसून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील न्याहारीला बसला तेव्हा तिने त्याच्या ताटात भाकरीऐवजी दोन गाजरं ठेवली. एक धुतलेलं, दोरीसारखं लुळं. दुसरं मातीने माखलेलं.

"हे तीन दिवसांमागच्या बाजारातलं, तुमच्या हुकमातलं," ती म्हणाली. "आणि हे दहा दिवसांमागचं, माझ्या वाळूच्या मडक्यातलं. हे शेवटचं."

तिने मातीचं गाजर मोडलं. कट्ट आवाज झाला आणि आतून रस आला. ते तिने धुतलं, किसलं आणि आत नेऊन लेकीला दिलं. पाटील ताटात उरलेल्या लुळ्या गाजराकडे बघत बसला. तो खाली कुठे किडका भाग आहे का ते शोधत होता. गाजर किडकं नव्हतं. ते फक्त उघडं पडलं होतं.

तो उठला आणि तडक भिवराआजीकडे गेला. म्हातारी रागावली नव्हती, आणि त्यामुळेच त्याला जास्त शरम वाटली. तिने त्याला बसायला घोंगडं दिलं आणि वाफा दाखवला. वाफा मोकळा होता. बाजारच बंद झाला, पोरीला पोचवायची वाटही बंद झाली, आता गाजरं ठेवून काय करू, असं म्हणून तिने सगळी उपटून शेजाऱ्याच्या म्हशींना घातली होती. जमिनीत राहिली असती तर अजून महिना-दीड महिना टिकली असती, असंही तिने सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

पाटील दुसऱ्या मळ्यात गेला. तिसऱ्या मळ्यात गेला. मातीची गाजरं द्या, असं तो सांगू लागला. आणि आता मौज बघा, नव्हे, मौज कसली, हालच म्हणायचे. त्याला बघताच माणसं सावध होत. पाटील आणि मातीची गाजरं मागतो? यात काहीतरी डाव आहे. दाखवली की धरणार. सगळे शपथेवर सांगत, की आमच्याकडे मातीचं एकही गाजर नाही, आम्ही हुकूम पाळणारी माणसं. आणि आतून धुतलेली, मऊ पडलेली गाजरं आणून आदराने त्याच्यापुढे ठेवत. लेक आजारी आहे असं तो म्हणाला की ते मान हलवत आणि मनात म्हणत, काय काय सोंगं काढतो हा माणूस.

दोन दिवस तो असा हिंडला. घरी हौसा पाण्यावर होती. भोगीच्या दिवशी सकाळी तो डोंगराकडच्या वाडीत पोचला. पहिलाच मळा लागला तो त्या कांदेवाल्याचा, ज्याला त्याने भर बाजारात उभा ठेवला होता. कांदेवाला हात बांधून उभा राहिला. गाजरं नाहीत, म्हणाला. पण त्याच्या मागेच, विहिरीच्या कडेला, गाजराचा पाला हिरवागार डोलत होता. पाटलाने तिकडे बोट केलं.

"ती कोथिंबीर हाय," कांदेवाला म्हणाला.

गाजराचा पाला कोणता आणि कोथिंबीर कोणती, हे बाजारपाटलाला कळत नव्हतं असं थोडंच आहे? दहा पावलं पुढे जाऊन एक काडी उपटली असती तरी त्या माणसाचं खोटं उघडं पडलं असतं. महिन्यापूर्वी त्याने तेच केलं असतं. पण आज तो पुढे गेला नाही. या माणसाला खोटं बोलायला आपणच शिकवलं, हे त्याला कळलं. तो बांधावर बसला.

"तुम्ही म्हणता तर कोथिंबीरच असेल," तो म्हणाला. "पण माझी लेक दोन दिवस उपाशी आहे. तिच्या पोटात पोर आहे. त्या कोथिंबिरीच्या खाली काही असलं तर मला द्या."

कांदेवाल्याचा विश्वास बसला असं नाही. पण त्यालाही लेकी होत्या. त्याने कोपऱ्यातलं खुरपं आणून पाटलाच्या पुढ्यात टाकलं. तुम्हीच काढा, म्हणाला, म्हणजे मी मातीची गाजरं दिली असं उद्या कोणी म्हणायला नको.

पाटील गुडघ्यांवर बसला आणि खणू लागला. खुरपं धरायची सवय नव्हती, चार गाजरं मधेच तुटली. एका जागी नख उलटलं. पदरी पडली ती गाजरं त्याने उपरण्यात गोळा केली. कांदेवाला भीतीने घागर घेऊन आला, धुऊन देतो म्हणाला. पाटलाने घागरीवर हात ठेवला आणि मातीसकटच द्या, अशी विनवणी केली. मग ते गाठोडं डोक्यावर घेऊन तो निघाला. चिखलाचे ओघळ मानेवरून अंगरख्यावर येत होते आणि वेशीवर त्याचीच माणसं त्याला ओळखू शकली नाहीत. कधी उपटलं, कोणी उपटलं, मधे कुठे ठेवलं, असं त्यांनी त्याला विचारलं.

हौसाने त्यातलं एक गाजर खाल्लं आणि ते तिच्या पोटात राहिलं. बाकीची वाळूत पुरून ठेवली ती तिच्या पोटात अन्न ठरू लागेपर्यंत पुरली. पुढे चैत्रात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. इथवर देवाने पाटलाला पदरात घेतलं.

पण बाजार काही परत आला नाही. पाटलाने सगळे हुकूम मागे घेतले, तशी दवंडी पिटवली. लोकांनी ऐकली आणि नवा सापळा आहे म्हणून आपसात सांगितलं. त्या भोगीला गावात नुसत्या डाळीवर भागलं. पुढच्या थंडीत वेशीच्या आत पाच पाट्या आल्या, त्याच्या पुढच्या थंडीत दोन, आणि मग गाई बांधायला ती जागा लोक वापरू लागले. राजाने त्याला काढून टाकलं नाही. काढून टाकायला काही उरलंच नव्हतं.

म्हातारपणी पाटील स्वतः टोपली घेऊन नदीपलीकडच्या बाजाराला जाई, नातीचा हात धरून. तो दिसला की विकणाऱ्या बाया अजूनही पाट्यांवर फडकी ओढून घेत. तो कुणाला फडकं बाजूला करायला सांगत नसे. आतून जे काढून देतील ते घेई आणि न बघता टोपलीत ठेवी. ते नेहमीच चांगलं निघे असं नाही. एकदा नातीने विचारलं, की आजोबा, बाकीच्यांना बघून घेऊ देतात, मग आपल्यालाच का नाही? तेव्हा त्याने खरं ते सांगितलं, "बाळे, मी फार बघितलंय."

म्हणून लक्षात ठेवा: जे झाकलेलं असतं ते सगळंच लपवलेलं नसतं, काही जपलेलंही असतं, आणि जो प्रत्येक झाकण ओढून काढतो, त्याच्यापुढे मग कोणीच मनाने उघडं होत नाही.